१६० तास: सुरक्षा रक्षकाचं प्रशिक्षण आतून कसं असतं

युनिफॉर्म चढवला, काठी हातात घेतली की झाला सिक्युरिटी गार्ड, असा समज अजून घट्ट आहे. कायदा तसं म्हणत नाही. खासगी सुरक्षा एजन्सी (नियमन) अधिनियम, २००५ नुसार ठरलेलं प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय एजन्सीला कुणालाही रक्षक म्हणून नेमता येत नाही. त्याखालच्या २००६ च्या केंद्रीय नमुना नियमांनी हिशेब घालून दिला: किमान १०० तास वर्गात, ६० तास प्रत्यक्ष जागेवर, आणि हे सगळं किमान २० कामाच्या दिवसांत. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना ४० तास वर्ग आणि १६ तास फील्ड, किमान ७ दिवस. वीस दिवस रोज आठ तास, असं ते गणित बसतं. वेळ कमी पडला की बहुतेक ठिकाणी फील्डचे साठ तास कापले जातात. कवायत आणि सॅल्यूट पाहुण्यांना दिसतात म्हणून ते राहतात. नोकरी मात्र त्या साठ तासांवर उभी असते, त्यामुळे इथे त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

महाराष्ट्रात या कामाची दारं तीन. एक, परवानाधारक खासगी एजन्सी. दुसरं, १९८१ च्या राज्य कायद्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं, जिथे रक्षकाची नोंदणी मंडळाकडे होते, मंडळ त्याला कारखान्यात किंवा कार्यालयात पाठवतं आणि पगारही मंडळामार्फत होतो. तिसरं, २०१० च्या कायद्याने उभं राहिलेलं महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ. त्याची निवड आणि प्रशिक्षण स्वतंत्र आहे. पुढचं वर्णन मुख्यतः पहिल्या दारातून जाणाऱ्यांसाठी आहे, पण गेट, रजिस्टर आणि रात्रपाळी तिन्हीकडे सारखीच.

आधी माप. पुरुषांना उंची १६० सेंमी, महिलांना १५० सेंमी. पुरुषांची छाती ८० सेंमी आणि फुगवून ४ सेंमी जास्त. दूरची नजर ६/६, चष्म्यासह चालते. रंगांधळेपणा नको, गुडघे एकमेकांना लागणारे नकोत, पाय सपाट नकोत. आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत धावता आलं पाहिजे. वय अठरा पूर्ण आणि पासष्टच्या आत.

रंगांच्या चाचणीत बरीच मुलं गडबडतात, कारण आपल्याला लाल-हिरवा नीट ओळखता येत नाही हे त्यांना तिथेच पहिल्यांदा कळतं. ही अट शोभेची नाही. बॅगा तपासायच्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू केशरी दिसतात, धातू निळा आणि मिश्र पदार्थ हिरवा. आगीचा इशारा देणाऱ्या फायर पॅनेलवर लाल दिवा म्हणजे आग, पिवळा म्हणजे बिघाड. ज्याला हे रंग वेगळे दिसत नाहीत त्याला यंत्रासमोर बसवून उपयोग नाही. शंका असेल तर भरतीआधीच जवळच्या सरकारी दवाखान्यात डोळे तपासून घ्या, फेरी वाचते.

धावण्यात दम लागून नापास होणारे बहुतेक जण पहिल्या फेरीत जीव काढून पळतात. ४०० मीटरच्या मैदानाला अडीच फेऱ्या. फेरीला २ मिनिटं २० सेकंद धरले तर अंतर ५ मिनिटं ५० सेकंदांत होतं. पहिली फेरी दीड मिनिटात मारणारा तिसऱ्या अर्ध्या फेरीला चालायला लागतो. तीन आठवडे आधीपासून एक दिवसाआड वीस मिनिटं सावकाश धावायचं, आठवड्यातून एकदा घड्याळ लावून किलोमीटर. नव्या कातडी बुटांत कुणी धावू नये, टाचा सोलतात आणि पुढचे चार दिवस कवायतीत लंगडावं लागतं.

कागदपत्रांत सर्वांत जास्त वेळ चारित्र्य पडताळणी खाते. गेल्या पाच वर्षांत जिथे जिथे राहिलात ते सगळे पत्ते द्यावे लागतात. गाव बीडचं आणि खोली पिंपरीत असेल तर चौकशी दोन्ही ठाण्यांकडे जाते. फॉर्मवर फक्त शहराचा पत्ता टाकून गावाचा गाळला की कागद परत येतो. दोन्ही पत्ते तारखांसह लिहा, भाडेकराराची प्रत जोडा. आधारवरचं नाव आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं नाव अक्षर-अक्षर जुळतं का बघा. ‘ज्ञानेश्वर’ एकीकडे आणि ‘ज्ञानदेव’ दुसरीकडे असेल तर अर्ज तिथेच थांबतो. पूर्वी गुन्हा दाखल होऊन निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रत स्वतःहून जोडा. लपवलेली गोष्ट पडताळणीत निघाली की खुलासा ऐकायला कुणी थांबत नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची: मूळ गुणपत्रिका आणि मूळ दाखला कुणाच्याही ताब्यात ठेवायला देऊ नका. दाखवायला मूळ, द्यायला सही केलेली झेरॉक्स. मूळ कागद अडकले की वाईट नोकरी सोडणंही अवघड होतं.

पहिले तीन दिवस टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, आणि कवायत. हुकूम फौजेसारखे हिंदीत असतात: सावधान, विश्राम, दाहिने मूड, तेज चल, थम. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे ३० अंशांत उघडे, मुठी मांडीच्या शिवणीला. युनिफॉर्मचाही नियम आहे: दंडावर एजन्सीचा बिल्ला, खांद्यावर किंवा छातीवर हुद्द्याचा, दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात, नाडीचे बूट, टोपी, आणि फोटोचं ओळखपत्र दिसेल असं. लष्कर किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा पोशाख घालणं हा २००५ च्या कायद्यात गुन्हा आहे आणि त्याला कैदेपर्यंत शिक्षा आहे. एजन्सीने खाकीशी मिळतंजुळतं कापड दिलं तर विचारायला घाबरू नये, कारण अंगावर ते तुमच्या असतं.

कवायतीतून खरं शिकायचं ते उभं राहणं. तासाभराने पोरं चक्कर येऊन पडतात, त्याला उपाशीपोटापेक्षा ताठ आवळलेले गुडघे जास्त कारणीभूत असतात. गुडघे मागे लॉक केले, पोटऱ्या हलल्या नाहीत की रक्त पायात साचतं आणि डोक्याला कमी पडतं. गुडघ्यात किंचित सैलपणा ठेवायचा, बुटाच्या आत बोटं आवळायची-सोडायची, वजन सावकाश एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं. समोरच्याला काही दिसत नाही आणि आठ तास निघतात. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय सुजलेले असतात आणि माप खरं मिळतं. पिशवीत मोज्यांची दुसरी जोडी असावी, अर्ध्या ड्युटीला बदलायला.

कायद्याचा वर्ग हा बहुतेकांना कंटाळवाणा वाटतो आणि नंतर सगळ्यात जास्त तोच आठवतो. जुन्या वह्यांवरून शिकवणारे अजून भारतीय दंड संहितेची कलमं सांगतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहेत. स्वसंरक्षणाचा अधिकार आता न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये. खासगी माणसाने करायची अटक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० मध्ये: आपल्या डोळ्यांसमोर अजामीनपात्र आणि दखलपात्र गुन्हा करणाऱ्याला, किंवा फरार घोषित केलेल्याला, कुणीही पकडू शकतो, पण विनाकारण उशीर न करता आणि कसंही करून सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली केलंच पाहिजे. व्यवहारात सहा तासांची वाट बघायची नसते. पकडलं की लगेच ११२, आणि पकडल्याची वेळ घटना नोंदवहीत.

रक्षकाला पोलिसाचे अधिकार नाहीत, हे वाक्य वर्गात दहा वेळा म्हटलं जातं आणि गेटवर विसरलं जातं. चोरीचा माल घेऊन निघालेला कामगार सापडला. त्याला दोन लगावल्या, मोबाइल काढून घेतला, स्टोअरमध्ये कोंडलं, फोटो काढून ग्रुपवर टाकला. आता मारहाण आणि बेकायदा कोंडून ठेवण्याची तक्रार रक्षकावर होते आणि चोरी बाजूला राहते. बरोबर पद्धत अशी: दोन माणसं, मोकळ्या जागेत, कॅमेऱ्यासमोर त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, माल जिथे आहे तिथेच राहू द्यायचा, सुपरवायझर आणि पोलिसांना कळवायचं. आपला हात फक्त त्याला पळू न देण्यापुरता, आणि अंगावर आला तर स्वतःला वाचवण्यापुरता. धोका संपला की बळही संपलं.

एफआयआरचं कलम आता नागरिक सुरक्षा संहितेचं १७३. तोंडी सांगितलेलं लिहून घेतात, वाचून दाखवतात, मग सही. प्रत मोफत मिळते, मागून घ्यायची. हद्द आपली नाही म्हणून ठाण्याला परत पाठवता येत नाही, झीरो एफआयआर नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

आता नोंदवही. या कामाचा कणा हाच, आणि प्रशिक्षणात तिला मिळणारा वेळ सगळ्यात थोडा. रजिस्टरं पाच-सहा असतात: व्हिजिटर, वाहनं, मालाची आवक-जावक, चाव्या, हजेरी आणि घटना नोंदवही, जिला साइटवर ओ. बी. म्हणतात. नियम साधे आहेत. बॉलपेन, पेन्सिल कधीही नाही. वेळ चोवीस तासांची. ओळ रिकामी सोडायची नाही, कारण रिकाम्या ओळीत नंतर कुणीही काहीही लिहू शकतो. चूक झाली तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला सही. व्हाइटनर लावलेलं पान कोर्टात संशयाचं पान होतं. आपलं मत लिहायचं नाही, दिसलं आणि ऐकलं तेवढंच.

नव्या मुलाची नोंद साधारण अशी असते:

“रात्री एक इसम संशयास्पदरीत्या फिरताना आढळला. त्यास हाकलून दिले.”

हवी ती अशी:

“०२:१०. गेट ३ बाहेर, ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणालगत एक पुरुष, वय अंदाजे ३०, उंची अंदाजे साडेपाच फूट, निळा शर्ट, काळी पाठीवरची बॅग, उजव्या पायाने लंगडतो. विचारले असता ‘रिक्षाची वाट बघतोय’ म्हणाला. ०२:१६ ला हायवेकडे पायी गेला. ०२:१८ सुपरवायझरना वॉकीवर कळवले. कुंपण पाहिले, तार शाबूत.”

दुसऱ्या नोंदीवरून आठवड्याने तार कापली गेली तर पोलिसांना सुरुवात करता येते. पहिलीवरून काहीच करता येत नाही. ‘संशयास्पद’ हा शब्द वहीत नकोच. जे बघून संशय आला ते लिहायचं.

यासाठी वर्गात एक सराव घेतात आणि तो रोज घ्यावा इतका चांगला आहे. अनोळखी माणूस दार उघडून आत येतो, दहा सेकंद उभा राहतो, काहीतरी विचारतो आणि जातो. सगळ्यांनी वर्णन लिहायचं. शर्टाचा रंग सगळ्यांना आठवतो, बूट एखाद्यालाच. पण शर्ट माणूस वळणावर बदलतो. बदलत नाही ते बघायला शिकायचं: उंची, बांधा, चाल, कान, हातावरचं गोंदण, बोलण्याची ढब. क्रम ठरवून ठेवायचा, डोक्यापासून पायापर्यंत, म्हणजे घाईत काही सुटत नाही. उंचीसाठी दाराची चौकट वापरा. चौकट साधारण सात फुटांची असते. माणूस तिच्यातून गेला तेव्हा डोक्यावर किती जागा उरली ते बघायचं.

आकडे लिहिण्यात वेगळीच गंमत होते. गाडीचे शेवटचे चार आकडे लिहून मोकळे होणारे खूप. एमएच १२ आणि एमएच १४ मध्ये, शिवाय प्रत्येक सिरीजमध्ये, तेच चार आकडे पुन्हा असतात. पूर्ण नंबर नसेल तर नोंद निरुपयोगी. कंटेनरचा नंबर चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा पडताळणीचा. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच, बी आणि आठ यांची अदलाबदल रोजची. मराठी माध्यमातल्या मुलांनी याची लाज बाळगू नये. रोज रस्त्यावर उभं राहून पन्नास गाड्यांचे नंबर लिहायचे, आठवड्यात हात बसतो. वॉकीवर अक्षर सांगताना अल्फा, ब्राव्हो, चार्ली पद्धत पाठ हवी, कारण गोंगाटात बी, डी आणि पी सारखेच ऐकू येतात. वॉकीचं बटण दाबलं की एक क्षण थांबून बोलायचं. दाबता दाबता बोललेला पहिला शब्द समोर पोचत नाही, आणि नेमका तो ‘नको’ असतो.

फील्डचे पहिले दिवस गेटवर. माणसं दोन प्रकारची येतात, थांबणारी आणि न थांबणारी. न थांबणाऱ्याला आवाज चढवून अडवता येत नाही. दोन पावलं पुढे, बाजूला उभं राहून, “साहेब, एक मिनिट, पास दाखवता का? सगळ्यांनाच विचारतो आहे.” शेवटचं वाक्य कामाचं आहे, अपमान वाटत नाही. बॅग तपासताना बॅगेत हात घालायचा नाही. “ताई, बॅग तुम्हीच उघडून दाखवाल का?” मालकानेच वस्तू हलवायच्या, आपण बघायचं. आत ब्लेड, सुई असू शकते, आणि नंतर “माझे दोन हजार होते” असं कुणी म्हणालं तर आपला हात आत गेलेलाच नसतो. झडती संमतीने. नकार दिला तर आत सोडायचं नाही, सुपरवायझरला बोलवायचं, ओढाताण करायची नाही. महिलांची झडती फक्त महिला रक्षक घेते, आडोशाला. हातातला मेटल डिटेक्टर ड्युटी सुरू होताना स्वतःच्या किल्लीवर वाजवून बघायचा. बॅटरी उतरलेला डिटेक्टर शांत राहतो आणि सगळं ठीक आहे असं भासवतो. तो अंगापासून दोन-तीन बोटं लांब ठेवून, एकाच क्रमाने, सावकाश फिरवायचा. कमरेची मागची बाजू आणि बूट घाईत सुटतात.

मालाच्या गेटवर शिकण्यासारखं सर्वांत जास्त. आत येणाऱ्या गाडीचं चलन, ई-वे बिल आणि सील नंबर ताडून बघायचा. सील वाचायचं आणि ओढून, पिळूनही बघायचं. कापून गोंदाने चिकटवलेलं सील डोळ्यांना शाबूत दिसतं. बाहेर जाणाऱ्या मालाला गेटपास लागतो आणि त्यावरची सही गेटवर टांगलेल्या नमुना सह्यांच्या तक्त्याशी जुळवायची. ‘परत येणार’ असा शेरा असलेल्या पासवर परतीची तारीख नसेल तर तो पास पुरा नाही. दुरुस्तीला गेलेली मोटर अशीच गेटबाहेर गेली की वर्षभर कुणाला आठवत नाही.

वजनकाट्यावरची लबाडी प्रत्येक नव्या रक्षकाला आकड्यांनिशी समजावून द्यायला हवी. भंगार उचलायला ट्रक रिकामा येतो, त्याचं वजन होतं. भरून बाहेर पडताना पुन्हा वजन. दोन्हींतला फरक म्हणजे माल. आता रिकाम्या ट्रकमध्ये पाण्याचे दोन ड्रम, दोन स्टेपन्या आणि क्लीनर बसवून आणला, आत गेल्यावर ड्रम ओतले, स्टेपनी उतरवली, क्लीनर पायी बाहेर गेला. रिकामं वजन ३०० किलो जास्त नोंदलं गेलं, म्हणजे ३०० किलो भंगार फुकट गेलं. उपाय: गाडी चढण्याआधी काट्यावर शून्य आहे का बघा, चालक आणि क्लीनर दोन्ही वेळा खाली, सगळी चाकं पाटावर, नोंदणी पुस्तकातलं रिकाम्या गाडीचं वजन आणि काट्यावरचं वजन यांत मोठा फरक दिसला तर आत सोडण्याआधी विचारा. टायरच्या आणि ड्रमच्या संख्येची नोंद आत येतानाच करायची, बाहेर पडताना आठवत बसायला वेळ नसतो.

आगीचा भाग फळ्यावर शिकवून संपवतात त्यांचा राग येतो. आग विझवायचा सिलिंडर एकदाही न चालवलेला माणूस आगीसमोर पिन ओढायलाच विसरतो, किंवा हँडल दाबून ठेवून पिन ओढायला जातो आणि ती अडकते. म्हणून ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवून प्रत्येकाने स्वतः विझवलं पाहिजे. वारा पाठीवर घ्यायचा, दोन-तीन मीटर अंतर, पिन, नळीचं तोंड आगीच्या मुळाशी, हँडल, डावी-उजवीकडे झाडू मारल्यासारखं. ज्वाळांच्या शेंड्यावर मारलेली पावडर वाया जाते. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर काही सेकंदांत संपतो, तेव्हा चुकायला जागा नाही. आग विझल्यावर पाठ फिरवायची नाही, उलट्या पावलांनी मागे यायचं. तेल पुन्हा पेटतं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा काळा भोंगा धरायचा नाही, गोठून कातडी चिकटते. त्याला प्रेशरचा काटा नसतो, तो भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. पावडरच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का, हे मात्र रोजच्या गस्तीत बघायचं. विजेच्या आणि तेलाच्या आगीवर पाणी नाही.

फायर पॅनेल वाजलं की हात आपोआप आवाज बंद करायला जातो. आधी ॲकनॉलेज, म्हणजे इशारा पाहिल्याचं बटण, मग झोन, म्हणजे इमारतीचा कुठला भाग, ते वाचायचं, एकाने जागेवर जाऊन बघायचं, आणि रीसेट सगळ्यात शेवटी. न बघता रीसेट केलं तर आगीची सुरुवातीची मिनिटं आपल्याच हाताने घालवली. वारंवार खोटं वाजणारं धुराचं डिटेक्टर धुळीने भरलेलं असतं. ते लिहून कळवायचं, टेप लावून बंद करायचं नाही. होजपाइपला माणसं दोन लागतात: पुढच्याने नोझल घट्ट धरल्यावरच मागच्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, नाहीतर नोझल हातातून उडून तोंडावर बसतं. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. तो कुठे लावला आहे हे रक्षकाला माहीत असलं की सोसायटीचा सेक्रेटरीही जागा होतो.

प्रथमोपचारात सीपीआर बाहुलीवर घाम येईपर्यंत करायचा. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंमी खाली, प्रत्येक दाबानंतर पूर्ण वर येऊ द्यायची, ३० दाबांमागे २ श्वास. श्वास देता येत नसेल तर फक्त दाब. दोन मिनिटांत हात थकतात आणि दाब उथळ होतो, म्हणून दुसऱ्याला बदली द्यायची. भाजलेल्या जागी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट नाही. साप चावला तर दोरी बांधायची नाही, चिरा द्यायच्या नाहीत. हातपाय हलू न देता १०८ ने दवाखाना. जंगलालगतच्या प्लांटवर हे फार उपयोगी पडतं.

बेवारस वस्तूबद्दल शिकवण्याचं थोडक्यात सांगता येतं: हात नाही, पाणी नाही, वाळू नाही, जवळ उभं राहून मोबाइल किंवा वॉकी नाही. लांब जाऊन कळवायचं, माणसं हटवायची, परत कुणाला जाऊ द्यायचं नाही. धमकीचा फोन आला तर ठेवायचा नाही, बोलत राहायचं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, मागचा आवाजही: रेल्वे, अजान, भोंगा, काहीही.

गर्दीच्या वर्गात मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड रेल्वे स्टेशनच्या पादचारी पुलावरची २९ सप्टेंबर २०१७ ची चेंगराचेंगरी उदाहरण म्हणून घ्यावी. पाऊस आला, माणसं अरुंद पुलावर थांबली, मागून येणारे थांबले नाहीत, आणि वीसहून अधिक जीव गेले. एका चौरस मीटरमध्ये पाचच्या वर माणसं गेली की गर्दी स्वतःच्या इच्छेने हलत नाही, ढकलली जाते. म्हणून रक्षकाची जागा रांगेच्या तोंडाशी कमी आणि शेपटाशी जास्त. पुढे अडलं की मागून येणारे तिथेच थांबवायचे. बाहेर पडायचं दार कधीही कुलूपबंद नाही, गणपतीच्या मंडपात तर नाहीच.

शेवटचा आठवडा रात्रीचा. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि टॉर्चचा एक झोत किंवा मोबाइलचा पडदा ते सगळं पुसून टाकतो. केबिनमध्ये मोबाइल बघून थेट गस्तीला निघणाऱ्याला पहिली दहा मिनिटं काहीच दिसत नसतं. टॉर्च अंगापासून लांब, डाव्या हातात, गरज पडेल तेव्हाच. गस्तीची वेळ आणि दिशा रोज बदलायची. बारा, दोन, चार अशी घड्याळासारखी गस्त असेल तर बाहेरच्यालाही ती पाठ होते. गस्त झाल्याची नोंद करायचे पंचिंगचे टॅग जागोजागी लावलेल्या साइटवर दुसरी चूक होते: माणूस टॅगपासून टॅगपर्यंत चालतो आणि मधलं बघत नाही. गस्त कानांनी आणि नाकानेही करायची. जळक्या वायरचा वास, रोज वाजणारा कॉम्प्रेसर बंद, नेहमी भुंकणारं कुत्रं गप्प. दोन ते चार सगळ्यात कठीण. तेव्हा बसायचं नाही, चहा दोनच्या आधी घ्यायचा, जेवण हलकं, आणि दर अर्ध्या तासाला उभ्याने एखादी नोंद.

परीक्षेत लेखी, तोंडी आणि प्रात्यक्षिक असतं. प्रमाणपत्रावर संस्थेच्या मान्यतेचा तपशील, स्वतःच्या नावाचं अचूक स्पेलिंग आणि तासांची नोंद बघून घ्या. शंभर-साठ लिहिलंय आणि फील्ड झालंच नसेल तर ते तिथल्या तिथे बोला, नंतर कुणी ऐकत नाही. ओळखपत्र हातात येईपर्यंत एकट्याने ड्युटी घेऊ नका. पहिल्या पगारात पीएफ, ईएसआयसी आणि आठ तासांपुढच्या तासांचा हिशेब पावतीवर दिसतोय का तपासा.

आणि पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं आधी पोचा. चार्ज घेताना आधीच्या रक्षकाच्या तोंडाकडे बघून सही करायची नाही. चाव्या हुकावरून उतरवून एकेक मोजायच्या, वॉकी लावून बघायची, टॉर्च पेटवायची, सिलिंडरचे काटे, सील, रात्रीच्या शेवटच्या तीन नोंदी वाचायच्या. चाव्या बेचाळीस लिहिल्या असतील आणि एक्केचाळीस भरल्या तर आधी एक्केचाळीस लिहायचं, मग सही.